रुग्णाचं ताट तयार, पण तुमचं काय? (रात्रीच्या जेवणाबद्दल)

अबोली_ठाणे

घरात साबा (सासूबाई) आणि साबु (सासरेबुवा). साबांना पार्किन्सन्स (कंपवात), साबुंना मधुमेह आणि कवळी. लेक दहावीत, नवरा घरी पोचतो तो नऊच्या पुढे. मी घरून अर्धवेळ काम करते. सकाळी पोळ्यांना मावशी येतात, संध्याकाळ मात्र पूर्ण माझ्या अंगावर.

साबुंचं इन्शुलिन असतं, त्यामुळे त्यांचं ताट साडेसातला म्हणजे साडेसातला. साबांची लिवोडोपाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, आणि डाळ, पनीर, दही असलं प्रथिनांचं काही तिच्या जवळपास नको, गोळीचा असर कमी होतो. क्लासवरून लेक येतो तो झाकण उचलून "आज पण मुगाचंच?" म्हणत. नवऱ्याचं झाकून ठेवायचं. आणि मी? कढईला लागलेली भाजी पोळीच्या तुकड्याने पुसून खाते, ओट्याशी उभ्या उभ्या, एक कान साबांच्या खोलीकडे.

पाककृती नकोत, त्या इथे ढिगाने आहेत. तुमच्यापैकी जे घरात कुणाचं तरी करताहेत (आईवडील, जोडीदार, मूल, कुणीही) त्यांनी रात्रीचा स्वयंपाक कसा बसवलाय ते सांगा. किती प्रकार शिजतात? आणि तुम्ही स्वतः काय, कधी, बसून की उभ्याने? खरं सांगायचं.

वऱ्हाडी_ठेचा

खरं सांगू? दहा वाजता, मोबाइल बघत, पातेल्यातूनच. त्याला जेवण म्हणत नाहीत, भांडी कमी करणं म्हणतात.

मुक्ता७

ठेचा, +१. आमच्याकडे त्याला "उरलेलं संपवणे" असं भारदस्त नाव आहे.

शेवग्याची_शेंग

अबोली, अगदी माझीच संध्याकाळ लिहिलीस. बाबांना पक्षाघात झाल्यापासून गिळायचा त्रास आहे. सुरुवातीला मी त्यांच्यासाठी वेगळं, आमच्यासाठी वेगळं असं करत होते आणि दोन महिन्यांत कंबर गेली. आता नियम असा की कुकर एकच लागणार आणि ताटं फोडणीच्या आधी वेगळी होणार.

कुकरच्या तळाच्या डब्यात बाबांचा भात, त्याला चौपट पाणी. मधल्या डब्यात मूगडाळ किंवा तूरडाळ, मीठ न घालता. वरच्या डब्यात दुधी, लाल भोपळा नाहीतर गाजर, जे असेल त्याच्या मोठ्या फोडी. आमचा साधा भात बाजूला पातेल्यात. कुकर उघडला की पहिलं काम बाबांचं: मऊ भात, थोडं वरण, दोन फोडी, तूप, मिक्सरचा एक फेरा. मग उरलेल्या वरणाला आमच्यासाठी दणदणीत फोडणी, लसूण, लाल मिरची, कढीपत्ता. फोडी परतून भाजी. म्हणजे शिजवणं एकदाच आणि आमच्या जिभेला पथ्य नाही.

एक गोष्ट स्पीच थेरपिस्टनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हती. गिळायचा त्रास असलेल्या बऱ्याच जणांना पातळ पाणी अवघड, घट्ट सोपं. आणि त्याहून अवघड म्हणजे पातळात घन, आमटीत सुटा भात किंवा दुधात कुस्करलेली पोळी. तोंडात पाणी एकीकडे जातं, शितं दुसरीकडे. म्हणून सगळं एकजीव हवं, पण चिकटही नको. मिक्सरमध्ये भात जास्त फिरवला की खळीसारखा होतो, तोही घशाला चिकटतो. चमचा तिरका केल्यावर घास आकार न मोडता अलगद खाली पडला पाहिजे. मी रोज चमचा तिरका करून बघते, लेक म्हणतो आईची प्रयोगशाळा. आणि बाबांना नीट ताठ बसवूनच भरवायचं, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

मी काय जेवते? फोडणीचं वरण आणि भात, बाबांचं झाल्यावर. बसून. हे बसून मात्र फार भांडून मिळवलंय.

सिस्टर_माई

शेंग यांनी छान लिहिलंय. मी निवृत्त परिचारिका, आता घरी यजमानांचं करते. एक भर: खूप घरांत गोळ्या कुटून भातात कालवून देतात. सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. हळूहळू विरघळणाऱ्या आणि वर आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या तर औषध एकदम सुटतं किंवा पोटाला त्रास होतो. डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात विचारून घ्या, बऱ्याच गोळ्यांचं पातळ औषधही मिळतं. शिवाय कडू भाताची आठवण राहते आणि दुसऱ्या दिवशी माणूस भातच नको म्हणतो.

अबोली, साबांबद्दल: काही न्यूरॉलॉजिस्ट दिवसाची बरीचशी प्रथिनं रात्रीच्या जेवणात ढकलायला सांगतात, म्हणजे दिवसा हालचालीच्या वेळी गोळी नीट काम करते. प्रत्येकाला ते लागतंच असं नाही, पण विचारून बघा. हो म्हणाले तर गोळी आणि जेवणातलं अंतर सांभाळून रात्रीची डाळ सगळ्यांना एकच चालेल. तुमचा एक प्रकार वाचला.

अबोली_ठाणे

माई, हे कुणी सांगितलंच नव्हतं! पुढच्या भेटीत पहिला प्रश्न हाच. शेंग, फोडणीच्या आधी ताट वेगळं, हे आजच करते.

चिंतन_मनन

आईवडिलांची सेवा हेच पुण्य. पूर्वीच्या बायका वीस माणसांचा स्वयंपाक करून शेवटी उरलेलं आनंदाने खात. तक्रार नसे. आजकाल "मी काय जेवू" हा प्रश्न पडतो याचंच आश्चर्य वाटतं.

मुक्ता७

त्या पूर्वीच्या बायकांना कुणी विचारलं होतं का हो?

रानजाई

चिंतन, आपल्याकडे रोज संध्याकाळी कोण शिजवतं ते कळेल का? नाही, सहज.

बोरीबंदर

हलकेच घ्या, चिंतनराव, पुण्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. माझं ८ वर आलं तेव्हा डॉक्टरांनी आईऐवजी मलाच तपासलं.

मी एकटा मुलगा, आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), घर गिरगावात. स्वयंपाक युट्युबवरून शिकलो आणि थोडा आईकडून, म्हणजे ती अजून सांगायची तेव्हा. आमच्याकडे प्रश्न शिजवण्याचा नाही, ती जेवतच नाही हा आहे. पांढऱ्या ताटलीत भात वाढला की नुसती बघत बसायची. शेजारच्या काकूंनी सहज लाल थाळीत वाढला तर जेवली. नंतर कळलं की पांढऱ्यावर पांढरं तिला वेगळं दिसतच नाही. फुलांची नक्षी असलेली ताटली तर मुळीच नको. ती नक्षीतलं फूल चिमटीत धरायचा प्रयत्न करते, नखाने खरवडते, आणि हाताला येत नाही म्हणून रडवेली होते. स्टीलच्या ताटात दिवा चमकतो, तेही नको. आता आमच्याकडे एक गडद निळी बशी आहे. त्यात वरणभात, शेजारी काही नाही, पाण्याचं भांडंसुद्धा नंतर. एका वेळी एकच पदार्थ.

आणि मी तिच्यासमोर बसून तेच जेवतो. मी घास घेतला की ती घेते. त्यामुळे अबोलीबाई, माझं उत्तर: सात वाजता, बसून, बिनमिठाचा वरणभात. दहाला शेव.

मुक्ता७

शेवेबद्दल +१००.

वऱ्हाडी_ठेचा

बोरीबंदर, शेव ही अन्नसाखळीतली सर्वोच्च पायरी आहे. वर ठेचा असेल तर मोक्ष.

रानजाई

आमच्याकडे नवऱ्याचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. त्या दिवशी आम्ही दोघेही चुरगळलेले असतो, तो शरीराने आणि मी तिथल्या खुर्चीत बसून. त्यामुळे त्या दिवसांचा स्वयंपाक आदल्या रात्रीच होतो.

किडनीच्या पथ्याबद्दल इतके गैरसमज आहेत की सांगून टाकते. पहिलं, "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे मिळतं त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. रक्तदाबवाल्याला चालेल कदाचित, आमच्यासारख्यांना ते विष. आमच्या एका नातलगांनी प्रेमाने आणून दिलं होतं. सैंधवही मीठच आहे, त्यात सोडियम आहेच. दुसरं, नारळपाणी. सगळे येताना शहाळं घेऊन येतात, आणि पोटॅशियम त्यात ठासून भरलेलं. तिसरं, भाज्या. बटाटा, रताळं, पालक बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. चव जाते, मान्य आहे. लसूण, जिरं, हिरवी मिरची, लिंबाचे दोन थेंब यांनी थोडी परत आणता येते.

आणि प्रथिनं. डायलिसिस सुरू होण्याआधी डाळी कमी करायला सांगतात, पण डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिनं वाढवायला सांगतात, कारण त्यात ती वाहून जातात. हे खूप घरांना कळतच नाही, ती माणसं जुन्याच कागदावर चालतात आणि वाळत जातात. आमच्याकडे आता रोज अंड्याचा पांढरा भाग. तो खातो पांढरा, पिवळा बलक माझा. म्हणजे माझं रात्रीचं जेवण बलकांची भुर्जी आणि भाकरी.

गोंयकार_पर्वरी

रानजाई, एक राहिलं. करमलं. तुम्ही कमरख म्हणता ते, कापलं की चांदणीसारखं दिसतं. आमच्याकडे परसात झाडं असतात, लोणचं घालतात, आमटीला आंबट म्हणून टाकतात. किडनीच्या रुग्णाने ते अजिबात खायचं नाही. त्यातलं द्रव्य निकामी किडनीतून बाहेर जात नाही आणि मेंदूवर परिणाम होतो, उचकी थांबत नाही तिथून सुरुवात. गावात कुणाला माहीत नाही.

अवांतर: आमच्याकडे रात्री पेज. आजारी असो वा नसो, पेज. उकडा तांदूळ, वर किंचित मीठ, सोबत सुकं खारं किंवा लोणचं ज्याला चालतं त्याने. रुग्णाला पेज, आम्हाला तीच पेज आणि बांगड्याचा तुकडा. धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात झालं.

सिस्टर_माई

गोंयकार, करमलाचं फार चांगलं सांगितलंत. आणि रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांसाठी: वॉरफरिन किंवा असिनोकौमॅरॉल असेल तर मेथी-पालक बंद नसतात, पण दर आठवड्याला साधारण सारख्या ठेवायच्या. एका आठवड्यात तीनदा पालक आणि पुढच्यात शून्य, असं नको. नव्या गोळ्यांना, उदाहरणार्थ अपिक्साबॅनला, पालेभाजीची ही भानगड नाही.

अबोली_ठाणे

हे सगळं वाचून एक विचारायचं राहिलं. साबु कधीकधी इन्शुलिन घेतल्यावर "भूक नाही" म्हणून उठतात. मग मी घड्याळाकडे बघत बसते. कुणी काय करतं?

सिस्टर_माई

हे नेहमीचं आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारा की लगेच काम करणारं इन्शुलिन जेवायला सुरुवात झाल्यावर किंवा जेवल्याबरोबर दिलं तर चालेल का. बेभरवशाची भूक असलेल्या वयस्कांना काही डॉक्टर तशी परवानगी देतात. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नका. आणि घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसलं तर आधी साखर तपासा, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालय गाठा.

तळमजला_कोथरूड

इतका वेळ नुसता वाचत होतो. तुमचा मूळ प्रश्न मला वेगळा दिसतो. रुग्णाचं ताट सगळेच व्यवस्थित करतात. करणाऱ्याचं ताट कोण करतं, हे कुणी सांगत नाहीये. आमच्या इमारतीत आम्ही त्याचे वार लावलेत.

आमच्याकडे तीन घरं: माझी बायको कर्करोगाच्या उपचारात, दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे वडील अंथरुणाला खिळलेले, चौथ्यावर एक आजोबा पत्नीचं करतात. लिफ्टमध्ये रोज भेटायचो, रोज तेच, "जेवलात का?" "हो, घेतलं थोडंसं." शेवटी ताईच म्हणाल्या, एकाने आपल्याबरोबर तिघांचं करायचं. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वारावर जेवायचे, तसे आम्ही वारावर. प्रत्येक घराकडे दोन वार, रविवारी ज्याचं त्याने.

रुग्णाचं जेवण यात नाही, हा पहिला नियम. बायकोला केमोनंतर कधी काय चालेल ते मलाच कळत नाही, शेजाऱ्याला कुठून कळणार? तिची पेज, तिचं ताक घरात. डब्यात येतं ते फक्त करणाऱ्याचं. माझं. आठ वाजता बेल वाजते, डबा हातात, वरण-भात-भाजी-पोळी किंवा नुसती मसालेभात-कोशिंबीर. चौथ्या मजल्यावरचे आजोबा पोहे आणि उपमा यापलीकडे काही करत नाहीत, म्हणून त्यांच्या वारी पोहे. रात्री आठ वाजता पोहे. आम्हाला चालतात.

दुसरा नियम डब्याचा. आपल्याकडे भांडं रिकामं परत द्यायचं नाही असं आहे ना, त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण परतीच्या डब्यात लाडू, चकली, काहीतरी घालून पाठवायला लागला. म्हणजे दमलेली माणसं आणखी कामाला. मग ठरवलं, डबा रिकामाच परत द्यायचा. धुवून, रिकामा. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना अजून ते जमत नाही, ते दोन काजू टाकतात.

मुक्ता७

दंडवत! दोन काजू म्हणजे कहर.

चिंतन_मनन

कल्पना चांगली, पण दुसऱ्याच्या घरचं स्वच्छतेचं काय? आणि कुणाच्या घरी मांसाहार शिजतो ते कसं कळणार? शिवाय मिंधेपणा येतो.

रानजाई

मिंधेपणाबद्दल मात्र मी चिंतनशी थोडी सहमत. (हो, मीच लिहितेय.) आमच्या डायलिसिसच्या दिवशी मला वार घेणं शक्यच नाही. ज्याला परत करता येत नाही त्याला डबा घेताना लाज वाटते. ती नुसती मनाची गोष्ट आहे, म्हणून सोडून द्या असं सांगू नका.

तळमजला_कोथरूड

नाही सांगणार. आमच्याकडे बायकोच्या केमोच्या आठवड्यात माझे वार ताईच घेतात. मी भरपाई जेवणाने करत नाही, त्यांच्या वडिलांची औषधं आणून देतो, सायंकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसतो म्हणजे ताई खाली फेरी मारून येतात. हिशोब ठेवत नाही, पण एकतर्फी आहे असंही वाटत नाही. मांसाहाराचं म्हणाल तर चौथा मजला कडक शाकाहारी आहे, म्हणून डबा शाकाहारी. माझे मासे रविवारी, कुणाला पत्ता लागू न देता. आणि स्वच्छतेचं: ज्याच्या घरचा चहा पितो त्याच्या घरचा भात खायला हरकत काय?

न्यू_जर्सीकर

इकडे मील्स ऑन व्हील्स म्हणून योजना आहे, अमेरिकेत ती १९५४ साली फिलाडेल्फियात सुरू झाली. ज्यांना स्वतः शिजवणं जमत नाही अशा वयस्कांच्या दारात जेवण आणून देतात. गंमत म्हणजे आणून देणारा माणूस दार उघडतंय का, माणूस बरा आहे का तेही बघतो, आणि कित्येकांसाठी दिवसभरात आलेली ती एकच व्यक्ती असते. पण तेही वयस्काचं ताट. तळमजला म्हणतात तसं, करणाऱ्याच्या ताटाची योजना इथेही मी पाहिली नाही. माझी बहीण तिकडे नाशिकला आईचं करते, मी दर महिन्याला पैसे पाठवतो आणि स्वतःला कर्तव्यदक्ष समजतो. आज तिच्यासाठी तिथल्या पोळीभाजी केंद्रात रात्रीचा डबा लावला. तिच्यासाठी, आईसाठी नाही. ती फोनवर आधी रागावली.

मुक्ता७

रागावू दे. डबा बंद करू नका.

रात्रपाळी

मी अटेंडंट म्हणून रात्री एका आजींकडे असते, घरी माझ्या आईचं दिवसा करते. इथे कुणी आमच्यासारख्यांबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. ज्या घरी ड्यूटी तिथे "तुमचा डबा आणलाय ना?" असं विचारतात, म्हणजे देणार नाहीत हे आधीच कळतं. सध्याचं घर चांगलं आहे, सून आठ वाजता माझंही ताट मांडते आणि आजींना ती भरवते, मी जेवते, मग मी भरवते, ती जेवते. असं आलटूनपालटून केलं की दोघींचं गरम होतं. माणसं दोन असतील तर एवढं तर करता येतं.

अबोली_ठाणे

रात्रपाळी, खूप बरं केलंत लिहिलंत.

आता माझा अहवाल. फोडणीच्या आधी ताट काढणं सुरू केलं, त्यामुळे लेकाला झणझणीत आमटी मिळते आणि तो गप्प. न्यूरॉलॉजिस्टनी रात्रीच्या डाळीला हो म्हटलं, गोळी मात्र सातला. वारांचं आमच्या मजल्यावर विचारलं, समोरच्या वहिनींच्या आई आल्यात, वहिनी तयार आहेत. मंगळवार त्यांचा, शुक्रवार माझा, एवढ्यापासून सुरुवात. आणि नवऱ्याला सांगितलं, तू आलास की आधी पाच मिनिटं साबांजवळ बस, मी जेवते. तो म्हणाला, "मग मी?" मी म्हटलं, झाकलंय.

वऱ्हाडी_ठेचा

"झाकलंय" हे या धाग्याचं शीर्षक व्हायला हवं होतं.

शेवग्याची_शेंग

अबोली, शुक्रवारी काय करणार?

अबोली_ठाणे

वरणफळं. एकच पातेलं आणि सगळं त्यात.

गोंयकार_पर्वरी

आमसूल घालून की चिंच?

मुक्ता७

चिंच-गूळ. यावर वाद नको.

बोरीबंदर

आमसूल. यावर वाद हवाच.

रानजाई

आंबटाचं नंतर भांडा. अबोली, डब्यात देणार असशील तर फळं आणि वरण वेगवेगळ्या कप्प्यात दे. एकत्र भरलं तर समोरच्या घरी पोचेपर्यंत फळं सगळं वरण पितात आणि खाली कणकेचा गोळा उरतो. वरण नेहमीपेक्षा पातळ ठेव, मीठ थोडं कमी, त्यांच्याकडे आहे ते मिठाचं भांडं.